बाई फारच छान शिकवू लागल्या तर…

तुमच्या मुलाच्या वर्गातल्या बाई हल्ली मन लावून शिकवताहेत, अशी कुणकुण लागली आहे का? घाबरू नका. वेळीच उपाय केले तर हे थांबवता येतं. शिवाय तुम्ही पुण्यात राहता. शिक्षण आयुक्तालय इथेच आहे, मार्गदर्शनाची वानवा नाही.

सुरुवात पैशापासून करा. नव्या शिक्षकाला पगार द्यायचा नसतो, मानधन द्यायचं असतं. पहिली तीन वर्षं त्याला शिक्षणसेवक म्हणा आणि प्राथमिकला महिना 16,000 रुपये टेकवा. (2023 आधी 6,000 होते. सेवाभाव म्हणतात तो तेव्हाचा.) एवढ्यात धायरीत संसार मांडून दाखवा म्हणावं. मग गडी संध्याकाळी चोरून शिकवण्या घेतो आणि सकाळी तुमच्या वर्गात जांभया देतो. काम फत्ते.

कायदा आड येईल असं वाटत असेल, तर तो नीट वाचा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. कलम उत्तमच आहे. आपण फक्त निवडणुकीचं काम बारमाही असतं हे ओळखायचं आणि बाईंना बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी, करायचं. भर दुपारी त्या मतदार यादीचे कागद घेऊन, लिफ्ट बंद असलेल्या तुमच्या सोसायटीचे चार मजले चढून येतील. दार अर्धंच उघडा. साखळी काढू नका. ‘आत्ता सगळे झोपलेत, चारनंतर या,’ एवढं म्हणा. पाणी विचारायची गरज नाही. त्यांची बाटली असते.

उरलासुरला उत्साह माहिती भरण्यात जिरतो. यू-डायस आणि सरल ही शाळांची माहिती भरायची सरकारी पोर्टलं आहेत, खिचडी किती जणांनी खाल्ली तेही रोज कळवायचं आहे. व्हॉट्सॲपवर ‘अतितातडीचे, आज पाचपर्यंत’ असं पत्र साडेचारला टाकत चला. वर्गात एखादं पोर भागाकारात अडून हात वर करून बसलेलं असेल. बसू दे. हात दुखला की आपोआप खाली येतो.

घरची बाजू तुम्ही सांभाळायची गरज नाही, ती घरचे सांभाळतात. ‘तुझं काय बाई, अर्ध्या दिवसाची नोकरी’ हे वाक्य सासूबाईंपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. कुकरच्या तीन शिट्ट्यांत बाई सहा पेपर तपासतात. मुलाच्या उत्तरपत्रिकेवर हळदीचं बोट उमटलेलं दिसलं, तर मात्र मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करा. शिस्त म्हणून काही आहे की नाही? त्यात सप्टेंबर 2025च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, पहिली ते आठवीच्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, देणं आलं. रात्री एकाच टेबलावर लेक दहावीचा अभ्यास करतो आणि आई टीईटीचा. वीज तेवढी वाचते.

इतकं करूनही बाई तुमच्या पोराला पाढे शिकवून गेल्याच, तर 5 सप्टेंबरला त्यांचा सत्कार ठेवा. शाल, श्रीफळ, आमदारांचं तासभर भाषण. रांगोळी आणि सूत्रसंचालन त्यांच्याकडेच द्या.