मिस्टरांना घेऊन या

लेकीचं खातं उघडायला आज बँकेत गेले होते. जन्मदाखला, तिचं आधार, माझं आधार-पॅन, फोटो, सगळं फाइलला लावून. काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म उलटसुलट पाहिला, वडिलांच्या सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारली आणि म्हणाल्या, "मिस्टरांना घेऊन या." म्हटलं, अहो मी आई आहे तिची. "हो, पण गार्डियन वडील ना!"

पोरगी तापानं फणफणली की शाळेचा फोन कोणाला येतो? लसीचं कार्ड कोणाच्या कपाटात असतं? तेव्हा नाही कोणाला मिस्टर आठवत.

बरं, हे भांडण काही आजचं नाही. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावानं रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला होता. पालक म्हणून आई सही करणार, हे नवरा-बायकोचं ठरलेलं. तरी वडिलांची सही मागितलीच. बाई सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९९ साली कोर्टानं घटनेतल्या समानतेच्या आधारे कायद्याचा अर्थ लावला आणि सांगितलं, वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते. आज आईला पालक धरून मुलाचं खातं उघडायला खुद्द रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. आमच्या काउंटरपर्यंत ती पोचायचीय.

मॅडमवर चिडून तरी काय करू? मागे रांग, समोर फॉर्मचा गठ्ठा. त्यांच्या स्वतःच्या लेकराच्या फॉर्मवरही अशीच फुली बसत असेल.

खरी मेख कायद्यात आहे. हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायदा, १९५६, कलम ६. पालक कोण? आधी वडील, मग आई. आणि लगेच पुढे, पाच वर्षांखालचं मूल मात्र शक्यतो आईकडे. म्हणजे शी-शू आईची आणि सही बापाची! कोर्टानं अर्थ लावला, पण हा क्रम रद्द केला नाही. कायद्यात बदल सुचवणाऱ्या विधी आयोगानं २०१५ साली सांगितलं, आई-वडिलांना सारखं स्थान द्या. कलम जिथल्या तिथे.

त्या पाच वर्षांच्या नियमामुळे वेगळ्या होणाऱ्या बायकांकडून तान्ही पोरं हिसकावून घेणं अवघड जातं, हे मान्य. म्हणून सहीच्या वेळी आम्ही मागे उभं राहायचं?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावतात, आणि तेही वडिलांच्या आधी. छान वाटलं होतं तेव्हा. पण माझं नाव फॉर्मवर आजही होतंच की, ठसठशीत अक्षरात. चाललं का?

माझ्या मित्रयादीत बँकेतली बरीच मंडळी आहेत. तुमच्या शाखेत एकट्या आईच्या सहीवर खातं उघडतात का, खरं खरं सांगा. आणि "नवऱ्याला नेलं असतंस तर पाच मिनिटांत काम झालं असतं" हे कृपया लिहू नका. ते घरी ऐकून झालंय.