म्युलरचा मिलर केला कुणी?

म्युलर या जर्मन आडनावाबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातोय. त्यातले दावे थोडक्यात असे: एक, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर, जिथे स्थलांतरितांची तपासणी होई, तिथल्या कारकुनाला 'म्युलर' लिहिता येईना, म्हणून त्यानं 'मिलर' लिहून टाकलं आणि तेच कायम झालं. दोन, मिलर हे रूप अमेरिकेतच जन्माला आलं. तीन, सगळे म्युलर एका मूळ चक्कीवाल्याचे वंशज, म्हणजे एकाच रक्ताचे. चार, या घराण्याचं एक कुलचिन्ह आहे. या सगळ्यात खरी फक्त चक्की. आडनाव पाणचक्की चालवणाऱ्यावरूनच आलंय, त्याबद्दल वाद नाही.

कारकुनापासून सुरुवात करू, कारण हीच गोष्ट सगळ्यांना आवडते.

एलिस बेटावरचं केंद्र उघडलं 1 जानेवारी 1892 रोजी. जर्मनांच्या स्थलांतराची सर्वांत मोठी लाट त्याच्या दहा वर्षं आधी येऊन गेली होती. 1882 या एकाच वर्षात सुमारे अडीच लाख जर्मन अमेरिकेत उतरले. त्यातले न्यूयॉर्कला आलेले कॅसल गार्डन या तिथल्या आधीच्या केंद्रात (1855 ते 1890) उतरले, बाकीचे बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स, गॅल्व्हेस्टन अशा बंदरांवर. पुढे जर्मनीतच कारखान्यांत कामं मिळू लागली आणि ओघ आटला. म्हणजे बहुतेक म्युलर येऊन स्थिरावले तेव्हा ते केंद्र उभंच नव्हतं.

बरं, जे 1892 नंतर आले त्यांचं काय? तिथला निरीक्षक कोऱ्या कागदावर नाव लिहून घेतच नसे. प्रवाशांची यादी जहाज कंपनीकडून यायची आणि ती निघण्याच्या बंदरावर तयार व्हायची. 1893 च्या कायद्यानंतर एका पानावर तीस प्रवासी असत. प्रवाशाच्या कोटाला चिठ्ठी अडकवलेली असे, तिच्यावर यादीतलं पान आणि ओळ यांचे आकडे. निरीक्षक ती ओळ काढायचा, लिहिलेली उत्तरं समोरच्याला पुन्हा विचारून पडताळायचा आणि पुढे पाठवायचा. भाषेची अडचण येऊ नये म्हणून दुभाषे नेमलेले होते. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला गार्डिया 1907 ते 1910 तिथे हेच काम करत, आणि त्यांच्या भाषांत जर्मनही होती. आता गंमत बघा. म्युलर मंडळी निघायची ब्रेमेन नाहीतर हॅम्बुर्गहून. तिथे यादी लिहिणारा कारकून जर्मन. जर्मनीतलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव त्याला लिहिता येत नव्हतं, असं म्हणायचं का? घोळ झालाच असेल तर त्याच बंदरांतून निघालेल्या पोलिश किंवा रशियन माणसांच्या नावांचा, कारण ती जर्मन कानांनी ऐकून जर्मन पद्धतीनं लिहिली जात.

मग नाव बदललं कुणी? बहुतेक वेळा माणसानं स्वतःच, आणि हळूहळू. 1727 पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्यामुळे एकाच जहाजाच्या तीन याद्या सापडतात: कप्तानाची, निष्ठेच्या शपथेची आणि तिसरी परित्यागाच्या, म्हणजे त्या गादीवरचा दुसऱ्या कुणाचा हक्क नाकारण्याच्या, शपथेची. पहिलीत इंग्रजी कानांना जे ऐकू आलं ते. उरलेल्या दोनांत लिहिता येणाऱ्यांच्या स्वतःच्या सह्या. एकच माणूस कप्तानाकडे 'मिलर' आणि स्वतःच्या हातानं 'म्युलर' असा दिसणं यात नवल काहीच नाही. त्या माणसाचं नाव त्या दिवशी बदललेलं नसतं. पुढे शेजारी, दुकानदार, शाळामास्तर सगळेच मिलर म्हणू लागतात आणि नातवाच्या पिढीत सहीही तशीच होते. वीस-तीस वर्षांत केव्हातरी, कुठलाही अर्ज न करता.

कागदोपत्री बदल हवा असेल तर तो नागरिकत्वाच्या फायलीत शोधावा. 1906 च्या कायद्यानं नागरिकत्व देतानाच नाव बदलून देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आणि तसा आदेश फायलीत लिहिलेला असतो. 1917 मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्यावर जर्मन आडनाव मिरवणं अवघड झालं, तेव्हाही पुष्कळांनी नावं इंग्रजी वळणाची करून घेतली.

दुसरा दावा तर नकाशावरच कोसळतो. बव्हेरिया आणि स्वाबियाच्या बोलीत 'यु'चा 'इ' होतो, म्हणून तिथे मिलर हे घरचंच रूप आहे. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम 1903 मध्ये स्थापन करणारे ओस्कार फोन मिलर म्युनिकचेच. त्यांचे वडील फर्डिनांड यांनी 'बाव्हारिया'चा प्रचंड ब्राँझ पुतळा ओतला. उत्तरेत त्याच धंद्याचं नाव म्योलर. प्रबोधनकाळातल्या मानवतावादी पंडितांनी लॅटिन वळण दिलं तर मोलिटोर. रशियातही अमेरिकेसारखंच झालं: 1725 मध्ये पीटर्सबर्गला गेलेले इतिहासकार गेरहार्ड फ्रीडरिष म्युलर रशियनांसाठी फ्योदोर इवानोविच मिलर झाले. तिथे कुठलं एलिस बेट होतं?

आणि आपल्या ओळखीचं उदाहरण तर घरातलंच. ऋग्वेदाचे संपादक फ्रीडरिष मॅक्स म्युलर यांनी नुसतं म्युलर फार सर्रास वाटतं म्हणून 'मॅक्स' आडनावाला जोडून घेतलं, आणि संस्कृतात स्वतःला मोक्षमूलर करून टाकलं. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनाच्या रोमन पाटीवर 'यू'पुढे 'ई' असतो, तोही याच आडनावाचा एक अवतार: दोन टिंबांचा 'यू' छापता येत नसेल तर जर्मनांनी स्वतः ठरवलेली पर्यायी रीत.

आता एक रक्त. आडनाव कशासाठी पडतं? माणूस वेगळा ओळखू यावा म्हणून. गावात दहा विणकर असतील तर 'विणकर' म्हणून कुणाचीच ओळख पटत नाही. पाणचक्की मात्र बहुधा गावात एकच असे, कारण ओढ्याचं पाणी आणि दळण्याचा हक्क दोन्ही जमीनदाराच्या ताब्यात, आणि रयतेला त्याच्याच चक्कीवर दळण न्यायची सक्ती. चक्कीवाला मजुरी म्हणून धान्याचा वाटा ठेवून घ्यायचा, पुष्कळ ठिकाणी सोळावा. असा एकेक माणूस हजारो गावांत, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, म्युलर झाला. सगळे कुलकर्णी एका घरचे असतात का, एवढा प्रश्न मराठी माणसाला पुरेसा आहे.

वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियात आडनाव जागेला चिकटायचं. शेतवाडीवर घरजावई म्हणून आलेला माणूस तिचंच नाव घ्यायचा. जुन्या नोंदीत त्याच्या दोन नावांमध्ये 'गेनांट', म्हणजे 'ऊर्फ', लिहिलेलं असतं. अशा घरात आडनाव टिकलं आणि रक्त बदललं. धंदाही पिढ्यान्‌पिढ्या टिकला असं नाही. चक्कीवाल्याच्या सुंदर मुलीवरच्या कविता लिहून गाजलेले विल्हेल्म म्युलर, म्हणजे मॅक्स म्युलर यांचे वडील, हे देसाऊच्या एका शिंप्याचा मुलगा.

कुलचिन्हाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ते एका विशिष्ट कुटुंबाचं असतं, आडनावाचं नव्हे. जुन्या चिन्हसंग्रहांत म्युलर नावाखाली एकमेकांशी न जुळणारी कितीतरी चिन्हं आहेत. चहाच्या मगांवर छापून विकतात ते त्यातलंच कुणा परक्याचं.

खरोखर कुळ शोधायचंय त्यांनी आधी अमेरिकेतली कागदपत्रं संपवावीत: नागरिकत्वाची फाइल, चर्चची नोंद, थडग्यावरचा मजकूर. जर्मनीतल्या गावाचं नाव हाती आल्याशिवाय म्युलर शोधणं व्यर्थ. अमेरिकी जनगणनेच्या सूचीत साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराची नावं एकत्र आणणारा संकेत, वापरावा: म्युलर, मिलर, म्योलर सगळे एम 460 मध्ये पडतात. पण म्युल्नर आणि मिल्नर एम 456 मध्ये जातात आणि मोलिटोर एम 436 मध्ये, म्हणून तिन्ही चाळावेत. जर्मन चर्चच्या वह्या कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत असतात. तिथे साध्या 'यू'वरही ओळखीसाठी एक वाकडी रेघ काढत, ती दोन टिंबं समजून फसगत होते. 'ई' आणि 'एन' तर जवळजवळ सारखेच दिसतात. आणि जुन्या नोंदीत आना म्युलरिन भेटली तर नवं आडनाव सापडलं असं समजू नये. बाईच्या आडनावाला 'इन' लावायची तेव्हा पद्धतच होती.