"पावसाळ्यात तुमचं संग्रहालय बंदच असतं ना?"

गेल्या रविवारी आमच्या संग्रहालयाची वार्षिक सभा झाली. संग्रहालय म्हटल्यावर बडोद्याच्या कमाटी बागेतलं म्युझियम डोळ्यांसमोर आणू नका. तिथे ममी आहे, देवमाशाचा सांगाडा आहे. आमच्याकडे जुन्या बडोद्यातल्या एका वाड्याचा खालचा सोपा, माडीवरच्या दोन खोल्या आणि सात-आठ रिकामटेकडी माणसं आहेत. (हा शब्द आमच्या घरच्यांचा.) अहवाल मीच वाचला. किती शाळा आल्या, डिसेंबर-जानेवारीत परदेशातून आलेली किती कुटुंबं डोकावून गेली, देणगीपेटीत काय निघालं. टाळ्या झाल्या. मग बडोद्याचा लीला चिवडा आणि चहा हातात आल्यावर एका हितचिंतकांनी विचारलं, "पण काय हो, मे ते ऑगस्ट तर तुमचं बंदच असतं ना? मग त्या महिन्यांचं विजेचं बिल एवढं कसं?"

मी तिथे काहीतरी थातूरमातूर बोललो. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, म्हणून हे लिहितोय.

आमची खरी आवक मे महिन्यात असते. बडोद्यातली जुनी घरं पावसाच्या आधी उतरवतात. उन्हाचा पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो आणि दुपारी दोनला फोन येतो, "काका, उद्या भंगारवाला येतोय, आज बघून जा." मुलं पुण्याला नाहीतर कॅनडात, आईवडील फ्लॅटमध्ये निघालेले, आणि माळ्यावर तीन पिढ्यांचा संसार. अर्ध्या तासात ठरवायचं असतं की काय उचलायचं. यंदा अशाच एका माळ्यावरून पितळी घंगाळ आणलं. काठावर टिंबं ठोकून अक्षरं काढली आहेत: "चि. सौ. कां.", मग मोकळी जागा, मग "हीस मामाकडून, डभोई". मधलं नाव चिंचेने खाल्लं. नव्वद-शंभर वर्षं दर दिवाळीला कुणीतरी मनापासून घासत राहिलं आणि जिचं घंगाळ तिचंच नाव गेलं. तिरका उजेड टाकून, फोटो मोठा करून पाहिला. एक "थ" आहे असं मला वाटतं, आमच्या मंडळींना वाटत नाही. वाद चालू आहे. पण तुम्हाला सांगतो, नाव कोरलेली भांडी चिंच लावून लखलखीत करू नका. काळी बरी.

आणि हो, सगळंच घेत नाही आम्ही. आजोबांचा रेडिओ नको म्हटलं की लोक दुखावतात. चार रेडिओ आहेत आमच्याकडे, एकही वाजत नाही.

जूनमध्ये शटर खाली येतं आणि कागद बाहेर निघतात. जुन्या मोडी लिपीतल्या कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, कारण तो खरोखरच कापडात बांधलेला असतो. जुना रुमाल सोडताना खाली पांढरा कागद अंथरावा लागतो, कारण घडीतून वाळू पडते. शाई टिपायला त्या काळी कारकून बारीक वाळू टाकायचे, ती अजून घडीत बसलेली असते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी घाण समजून झटकायला निघालो होतो. आता ती छोट्या पुडीत बांधून कागदासोबतच ठेवतो. ती शाई काजळीची. उन्हात उडत नाही, दीडशे वर्षांनीही काळीभोर दिसते, पण पाणी लागलं की ओघळते. म्हणजे आमचा शत्रू ऊन नाही, पाऊस.

हवेतला ओलावा ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते. बडोद्यात जुलैमध्ये तो कुठे असतो हे चिवडा खाणाऱ्यांनाही माहीत आहे, डब्याचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं की कळतं. ओलावा ओढून घेणारं एक यंत्र रात्रंदिवस चालू असतं. सकाळ-संध्याकाळ त्यातलं पाणी ओतायचं काम पाळीने. दोन वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी दालनासाठी एसी देऊ केला होता, आम्ही नको म्हटलं, त्यांना ते अजून लागलंय. पण दिवसा एसी आणि रात्री बंद, म्हणजे कागद रोज आकसणार आणि रोज फुगणार. त्यापेक्षा साधा पंखा परवडला.

बिलाचं दुसरं कारण म्हणजे आइस्क्रीमवाल्याकडून जुना घेतलेला डीप फ्रीझर. त्यात कुल्फी नाही, वह्या आहेत. कसर लागलेली वही प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळायची, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायची, बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस तशीच गुंडाळलेली राहू द्यायची, नाहीतर तिच्यावर दव धरतं. औषध नाही, वास नाही. आमच्या लहानपणी वेखंड आणि कडुलिंबाचा पाला असायचा, मग डांबराच्या गोळ्या आल्या. त्या गोळ्यांच्या वासात सबंध दुपार बसून बघा म्हणजे फ्रीझरचं बिल कमी वाटेल.

सगळ्यात जास्त हताश करतं ते लॅमिनेशन. यंदा एक कुटुंब मोठ्या अभिमानाने सनद घेऊन आलं. "काका, खराब होऊ नये म्हणून प्लास्टिक मारून घेतलं." काय बोलणार? गरम रोलरखालून गेलेला कागद त्या प्लास्टिकमधून पुन्हा धडपणे सुटत नाही. त्यांच्या हेतूत खोट नव्हती. घरी जुना कागद असेल तर कृपा करून त्याला प्लास्टिक, चिकटपट्टी, डिंक यातलं काहीही लावू नका. नुसता जाड फाइलीत सपाट ठेवा.

आता अहवालात न आलेली गोष्ट. जानेवारीत एका शाळेची सातवीतली मुलगी सयाजीराव महाराजांच्या फलकासमोर थांबली आणि मला म्हणाली, "अंकल, इथे लिहिलंय १८७५ ला गादीवर आले, आणि खाली लिहिलंय १८८१ ला अधिकार मिळाले. मग मधे राज्य कोण चालवत होतं?" वर्षानुवर्षं तो फलक तिथे आहे. कवळाण्याहून आलेला बारा वर्षांचा मुलगा, दत्तकविधान, राज्यारोहण, सगळं लिहिलंय, आणि मधल्या सहा वर्षांबद्दल अवाक्षर नाही. मी तिला दिवाण टी. माधवराव हे नाव सांगितलं, पण दाखवायला हातात काही नव्हतं.

ते जुलैत सापडलं. आमच्याकडे मोडी वाचायला एक गुजराती मुलगा येतो. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही. हे त्याला आमच्यापेक्षा लवकर जमलं. आम्ही मराठी घरातली माणसं देवनागरीच शोधत बसतो. त्याने एका रुमालातून एका देवस्थानाच्या दिवाबत्तीच्या तेलाचा हिशेब वाचून काढला. शके १८०१, म्हणजे १८७९-८०. महाराज तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, शिकत होते. आणि इकडे रोजचं तेल किती लागलं याची ओळ न ओळ लिहिलेली. मधल्या वर्षांत गाडा कसा चालला याचं एवढं बोलकं चिटोरं दुसरं नाही. दिवाळीत त्याची प्रत आणि माधवरावांची माहिती फलकाखाली लावली. प्रश्न जानेवारीतला, उत्तर शटर खाली असतानाचं.

पैशाचं बोलतो, कारण ते कुणी बोलत नाही. काचेच्या कपाटाला देणगीदार मिळतो, कारण त्यावर पाटी लागते. जुने कागद ठेवायच्या आम्लविरहित कागदाच्या खोक्यांना मिळत नाही, कारण ती माडीवर अंधारात असतात. ज्या शहरात १९५२ पासून विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकवतात, त्या शहरातली ही अवस्था. नावाची पाटी खोक्यांवरही लावू, माझी काही हरकत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने ३५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी २६. लोक घरांच्या गच्चीवर बसले होते आणि मगरी वस्तीत फिरत होत्या. आमचा उंबरा वाचला, पण त्या रात्री आम्ही चौघांनी खालचं सगळं माडीवर नेलं आणि तेव्हा कळलं की नोंदवहीत असलेल्या किती वस्तू जागेवर नाहीत आणि जागेवर असलेल्या कितींची नोंदच नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात मोजदाद. वही एकाच्या हातात, दुसरा कपाटापाशी, तिसरा "हां" म्हणणारा. कंटाळवाणं काम आहे. यंदा हरवलेली समजलेली अडकित्त्यांची जोडी पानदानात सापडली, जिथे ती असायलाच हवी होती.

पुढच्या वर्षीचा अहवाल मी वेगळा वाचणार आहे. पाहुणे किती हे शेवटी. आधी रुमाल किती सोडले, वह्या किती गोठवल्या, नोंदी किती दुरुस्त केल्या, आणि कुणाकुणाला नाही म्हटलं. सभेतले निम्मे चिवड्याकडे बघत बसतील, चालेल.

अकरा रुमाल अजून बांधलेलेच आहेत. त्यांची मूळ कापडं विरली आहेत, नवी लागतील. कुणाच्या घरी आजोबांची जुनी, धुवून धुवून मऊ झालेली सुती धोतरं पडून असतील तर आणून द्या. खळ मात्र नको, कसर तिलाच आधी येते.