'कोकण' आणि 'कोंकण'मधला ठिपका

देवगडला आमच्या घरी सध्या भाच्यावरून वाद चालू आहे. बारावी सायन्स झालाय आणि बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे डीएनएसारखी जीवशास्त्रातली माहिती संगणकाने तपासायचं शास्त्र, घ्यायचं म्हणतो. भावोजींनी परवा मला फोनवर पकडलं. "ह्या सगळा आता एआय करता. मगे तीन वर्सा कित्याक फुकट घालवची?" त्यांना कुणीतरी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स सुचवलाय, सर्टिफिकेटसकट. ताईचं भलतंच. शिकायचंच तर मावशीसारखं, म्हणजे माझ्यासारखं, जर्मनीत जा, इथे काय ठेवलंय!

मला दोघांचंही पटत नाही.

जर्मनीत पहिला महिनाभर आम्ही संगणकाला हात लावला नाही. चौकटींचा कागद, पेन्सिल आणि दोन अक्षरमाळा किती जुळतात हे मोजायची नीडलमन-वुन्श यांची १९७० सालची पद्धत. भाच्याला मी ती आपल्याच शब्दांवर दाखवली. 'कोकण' आणि 'कोंकण' एकाखाली एक लिही. चिन्हं सुटी केली तर एकात चार, दुसऱ्यात पाच. जुळलं तर १, नाही जुळलं तर उणे १, रिकामी जागा सोडली तर उणे २. अनुस्वाराखाली जागा सोडलीस तर बाकीची चारही जुळतात, बेरीज २. तीच जागा शेवटी सोडलीस तर उणे २. अशी सगळी शक्य मांडणी तपासायला ३० घरांचा तक्ता पुरतो. डीएनएच्या हजार-हजार अक्षरांना मात्र दहा लाख घरं लागतात. म्हणून १९९० साली ब्लास्ट हे जुळण्या शोधणारं सॉफ्टवेअर आलं. ते आधी छोटे जुळणारे तुकडे शोधतं आणि तिथून दोन्हीकडे पसरतं. वेगवान आहे, पण एखादं नातं त्याच्या नजरेतून निसटू शकतं. घरं हाताने भरलेल्यालाच ही मेख कळते.

बी.एस्सी.ला आम्हाला 'ब्लास्टचे प्रकार लिहा' असा प्रश्न यायचा. मला पाचही तोंडपाठ होते. जर्मनीत आल्यावर पहिल्याच अहवालात मी ई-व्हॅल्यू ३ असलेली जुळणी 'सापडली' म्हणून ठोकून दिली. तपासणाऱ्याने समासात लिहिलं होतं, 'इतक्या चांगल्या जुळण्या नुसत्या योगायोगानेही तीन मिळतील.' एआयने लिहिलेला कोडही असाच आकडा पुढे ठेवणार. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे कोण ठरवणार, भावोजी?

ताईला सांगते, इथे सगळं गोडच आहे असं नाही. बऱ्याच जर्मन विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात की त्या अभ्यासक्रमाचं दार बंद. आमच्यातला एक मुलगा असाच परत गेला. एटीकेटीची मी पूर्वी टिंगल करायचे, आता करत नाही.

आणि परदेशाशिवाय अडतं कुठे? पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र १९८७पासून आहे. जेनबँक हा डीएनए-क्रमांचा ऑनलाइन साठा सगळ्यांना फुकट आहे. आपल्या हापूसचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, २०२०मध्ये प्रसिद्ध झाला, तो प्रामुख्याने चिनी संशोधकांनी वाचलेला. (आंबो आमचो, वाचणारे ते. असो.) देवगडात बसून तो उतरवून घेता येतो. हापूसच्या गरात साका (आतून खराब होणं) का होतो, हा प्रश्न बागायतदारांना आजही छळतोच.

अडतं ते दर आठवड्याला कागद तपासणाऱ्या माणसापाशी. जर्मनीत ते काम वरच्या वर्गातली मुलं तासावर पैसे घेऊन करतात. मीही केलंय. कोकणातल्या कॉलेजांनी नव्या संगणक कक्षाची फीत कापण्याआधी एवढी तरतूद करावी. त्याला खर्च फार नाही, फक्त फोटो येत नाही.

नोकरीचं भावोजी विचारतात ते चुकीचं नाही. ती देवगडात नाही मिळणार. पुणे, बंगळुरू, हैदराबाद गाठावं लागेल, आणि तिथेही ताटकळावं लागेल. याला माझ्याकडे उत्तर नाही.

काल भाच्याने भरलेल्या तक्त्याचा फोटो आला. पहिल्या ओळीत उणे २, उणे ४ हवं होतं तिथे त्याने सगळीकडे शून्य मांडलंय. चूक दाखवली तर म्हणतो, "मावशी, पण सुरुवातीची रिकामी जागा फुकट ठेवली तर काय बिघडतं?" सगळी माळ न जुळवता फक्त चांगला जुळणारा तुकडा शोधायच्या, स्मिथ आणि वॉटरमन यांच्या १९८१ सालच्या पद्धतीत पहिली ओळ शून्यांचीच असते. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.