पाटा वाढवला म्हणून पासिंग वाढत नाही

‘मागे दोन पाटे वाढवा, गाडी उचलते आणि लोड बिनधास्त घेते’ असं एका लेखात वाचलं. यातलं पहिलं अर्धं खरं, दुसरं नाही. पाटा म्हणजे चाकांवर बॉडी तोलणाऱ्या स्प्रिंगची पोलादी पट्टी; ती वाढवली की लोडखाली गाडी कमी दबते, एवढंच. एक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात आणि आरसी बुकातलं पासिंग, म्हणजे वजनाची मंजूर मर्यादा, तीही तीच. ओव्हरलोड धरला की 20,000 रुपये दंड, वर जादा टनामागे 2,000. तिथे पाटे कोणी मोजत नाही.

मी रावेर-सावदा पट्ट्यात पिकअपवर केळी वाहतो. मीही पाटे मारले होते, वर बॉडी उंच करायला लोखंडी गुटकेही. पावसाळ्यात मळ्यातून काळ्या मातीच्या चाकोरीतून निघताना गाडी खाली टेकेनाशी झाली, ते सुख नाकारत नाही. पण अर्धी भरली की अशी उडायची की तळातले घड काळे पडायचे, आणि व्यापारी भाव पाडायला टपलेलाच. लेखात ब्रेकचं तर नावच नाही! माझ्या गाडीत मागच्या एक्सलवरून एक बारीक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाते. बॉडी उचलली की व्हॉल्व्हला भरलेली गाडीही रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. मिस्त्रीने दांडी सेटच केली नव्हती. फैजपूरजवळ समोर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा कळलं, थोडक्यात वाचलो. आता गुटके काढलेत, एक पाटा कमी केलाय, धक्के झेलणारे शॉकअप नवे टाकलेत. भाऊ, केळीही शाबूत पोचतात.