एमएलडी सोडा, जाळी कधी साफ केली ते विचारा

उन्हाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी काळं पडलं, बंधाऱ्याखाली फेस आला, मासे तरंगले की ठरलेला प्रश्न येतो: एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र, किती एमएलडीचा (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर)? कसबा बावड्याचा 76, दुधाळीचा 17. आकडे सगळ्यांचे पाठ आहेत. पण सांडपाणी तिथवर पोचलं तरच एसटीपीला काम. माझ्या मते आपलं निम्मं दुखणं या पोचवण्यात आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही, कारण पंपहाऊसचं उद्घाटन करायला कुणाला हौस नसते.

घरातलं पाणी उतारानं चेंबरमागून चेंबर पुढं सरकतं. पाइपात त्याचा वेग सेकंदाला निदान 60 सेंटिमीटर लागतो, नाहीतर माती तळाला बसते. उतार देत देत पाइप इतका खोल जातो की पुढं खोदणं परवडत नाही. तिथं विहीर बांधायची आणि पाणी उपसून वर ढकलायचं. जयंती नाल्यावर हेच चालतं: नाला अडवायचा, पाणी उपसायचं आणि दाबाच्या लाइननं बावड्याला पाठवायचं.

हिशोब सोपा आहे. 1 एमएलडी म्हणजे सेकंदाला साडेअकरा लिटर. 76 एमएलडी म्हणजे सेकंदाला 880 लिटर, तेही दिवसभर सारखं आलं तर. ते तसं येत नाही. सकाळी आंघोळ, धुणं, भांडी सगळं एकाच वेळी, तेव्हा सरासरीच्या दुपटीपेक्षा जास्त लोंढा. पंप त्या लोंढ्याचा विचार करून बसवायचे आणि वर निम्मे राखीव ठेवायचे. कागदावर राखीव पंप असतोच. तो चालू स्थितीत आहे का, हे मात्र स्टार्टर दाबल्याशिवाय कळत नाही, म्हणून चालू आणि राखीव पंप आलटून पालटून चालवायचे असतात.

पंपाआधी लोखंडी जाळी असते. या जाळीवर शहराची खरी ओळख पटते. पिशव्या, निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या. हॉटेलातल्या रश्श्याची तर्री गटारात गार होऊन मेणासारखी थापते, त्यात गोठ्यातलं शेण मिसळलं की गिलावाच तयार. (ताजं धारोष्ण दूध सगळ्यांना हवं, शेण कुठं जातं ते विचारायचं नाही.) जाळी वेळेवर ओढली नाही की तिच्यामागं पाणी तुंबतं. मग कुणीतरी वैतागून जाळीच वर उचलतो. पाणी झटक्यात उतरतं, सगळे खूष. दोन तासांनी साडीची चिंधी इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाला, गुंडाळते आणि पंप ट्रिप.

हे सगळं अँपिअर मीटरवर, म्हणजे मोटार किती करंट ओढते ते दाखवणाऱ्या काट्यावर, आधी दिसतं. काटा रोजच्यापेक्षा वर गेला तर इम्पेलर जाम होतोय, खाली आला तर सक्शन अडलंय. फक्त रोजचा आकडा किती, हे पॅनलवर खडूनं तरी लिहिलेलं पाहिजे.

आता एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याच्या झडपेत काथ्या अडकला की ती पूर्ण मिटत नाही. चालू पंप पाणी वर ढकलतो आणि त्यातलं बरंचसं बंद पंपातून परत विहिरीत येतं. पंप चालू, वीजबिल चालू, विहिरीची पातळी मात्र हलत नाही. ओळखायची खूण सोपी: बंद पंपाचा शाफ्ट हळूहळू उलटा फिरत असतो. तो तसा फिरत असताना कुणी स्टार्टर दाबला तर मोटार एकदम जादा करंट ओढते, कधी शाफ्टच पिळवटतो.

पाणी कमी जातंय म्हणून जादा पंप लावा, ही मागणी नेहमीची. पण लाइन तीच असेल तर एका पंपाचे 100 लिटर दोन पंपांचे 200 होत नाहीत. प्रवाह दुप्पट केला की पाइपातलं घर्षण चौपट होतं. पंप वाढवण्याआधी लाइन तपासा.

दाबाच्या लाइनला चढावाच्या टोकाला साठलेली हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह लागतात. तिथं पिण्याच्या पाण्याचा साधा व्हॉल्व्ह बसवला तर थोड्याच दिवसांत चरबीनं बुजतो. हवा साठली की पाइपाची वाट अरुंद होते. त्यातच सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड जमतो, ओल्या छतावर त्याचं ॲसिड होतं आणि पाइप वरून झिजतो. खड्डा काढल्यावर तळ ठणठणीत आणि डोकं कुरतडलेलं सापडलं, की काय झालं ते समजायचं. हाच गॅस चेंबरात माणूस मारतो. थोडा असताना वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं, म्हणून ‘वास येत नाही, उतर’ हे सगळ्यात धोक्याचं वाक्य. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सफाईसाठी आत उतरवणं 2013 च्या कायद्यानं बंद आहे. सक्शन आणि जेटिंग गाडी त्यासाठीच आहे.

लाइट गेली की घड्याळ चालू होतं. विहिरीचा व्यास 10 मीटर आणि वापरायची खोली 2 मीटर धरली तर त्यात 1 लाख 57 हजार लिटर मावतात. सेकंदाला 100 लिटर येत असतील तर 26 मिनिटांत भरली. जनरेटर आहे, पण डिझेल नाही किंवा बॅटरी उतरलीय, असं असेल तर सत्ताविसाव्या मिनिटाला नाला नदीत. शिवाय पंप अचानक थांबल्यानं लाइनमधलं पाणी मागं येऊन जो दणका बसतो, त्यानं जुने जॉइंट सुटतात ते वेगळंच.

आणि पावसाळा. गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडणारे आपणच, मग चेंबरची झाकणं उडाली म्हणून ओरडणारेही आपणच. राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी 39 फूट झाली की इशारा, 43 फूट झाली की धोका. नदी फुगली की नाल्यातून पाणी उलटं आत येतं. तेव्हा पंप चालवणं म्हणजे नदीच उपसणं. त्यावेळी शहाणपण एकच: पॅनल पुराच्या रेषेच्या वर आणि सुट्या होणाऱ्या मोटारी वेळेत काढून ठेवलेल्या. पूर ओसरल्यावर खरी घाई होते. विहिरीत गाळ असतो, मोटार ओली असते आणि वरून फोन येत असतात, चालू करा, चालू करा. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन न तपासता स्टार्टर दाबला की वाइंडिंग जळतं. मग मोटारीचं वाइंडिंग नव्यानं भरून येईपर्यंत नाला सरळ पंचगंगेत, आणि बावड्याचे 76 एमएलडी वाट बघत बसलेले.