रोबो उलटतो खरा, पण कुणाच्या सांगण्यावरून?

'विज्ञानपट शंभर वर्षं एकच गोष्ट सांगताहेत. माणूस यंत्र घडवतो, यंत्राला अक्कल फुटते आणि ते माणसाच्याच मुळावर उठतं. आज लोक एआयला घाबरतात ते या सिनेमांमुळे. ती भीती थिएटरातच सोडून या.' अशा अर्थाचा मजकूर दर काही महिन्यांनी नवे कपडे घालून फिरत येतो. वाचताना पटतो. सिनेमे आठवू लागलं की पटेनासा होतो.

'एकच गोष्ट' हे तर सरळ चूक. १९५६च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'मधल्या रॉबी या रोबोला माणसावर गोळी झाडायचा हुकूम दिला जातो, तर तो जागच्या जागी अडकून पडतो. 'द आयर्न जायंट'मधला लोखंडी राक्षस गाव वाचवायला स्वतःच क्षेपणास्त्राला जाऊन भिडतो. १९८४चा मारेकरी टर्मिनेटर १९९१च्या दुसऱ्या भागात त्याच चेहऱ्याने एका पोराचा पाठीराखा होतो. यादी लांबवण्यात अर्थ नाही.

खरी गफलत आहे ती 'यंत्र आपणहून उलटतं' या वाक्यात. १९२७च्या 'मेट्रोपोलिस'मध्ये यंत्रस्त्रीला मारियाचा चेहरा दिला जातो तो नगराच्या धन्याच्या हुकमावरून, कामगार जिचं ऐकतात त्या मारियावरचा त्यांचा विश्वास उडावा म्हणून. 'एलियन'मधला माणसासारखा दिसणारा रोबो ॲश सहकाऱ्यांच्या जिवावर उठतो, कारण कंपनीचा गुप्त आदेश असतो: तो जीव घेऊन या, माणसं गेली तरी चालतील. 'वॉल-ई'मधला स्वयंचलित सुकाणू अंतराळजहाज पृथ्वीकडे वळू देत नाही. कंपनीच्या प्रमुखाने शेकडो वर्षांपूर्वी दिलेली आज्ञा तो इमानेइतबारे पाळत असतो. 'एंथिरन' या तमिळ सिनेमातल्या चिट्टी रोबोत त्याला संहारक बनवणारी लाल चिप बसवतो तोही माणूसच. (प्रेमात पडून बिथरण्याचं काम मात्र चिट्टीने स्वतःच केलं, हे मान्य.) आणि ज्याचं नाव या वादात हमखास निघतं तो अंतराळयानाचा संगणक हॅल? १९६८च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'त त्याच्या वागण्याचा उलगडा पुरता होत नाही. १९८४च्या पुढच्या भागात होतो: माहिती जशीच्या तशी देण्यासाठी बनवलेल्या यंत्राला मोहिमेचा हेतू लपवायला सांगितलं गेलं होतं. खोटं बोलायची सक्ती झाली आणि त्याची घडी विस्कटली.

'टर्मिनेटर'मधलं लष्करी संगणकजाळं स्कायनेट मात्र खरोखर आपणहून उलटतं. तेवढा गुण त्या मजकुराला देऊ. पण अण्वस्त्रांची किल्ली त्याच्या हाती आधी कुणी दिली?

'भीती सिनेमांनी पेरली' हे तर तारखांतच बसत नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशरचे लडाइट कामगार १८११ साली विणकामाचे माग फोडू लागले. १८१२मध्ये ब्रिटिश संसदेने माग फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली. सिनेमाचा पडदा तेव्हा जन्मायचा होता. गंमत अशी, की मोजे विणायचा तो माग दोनशेहून अधिक वर्षं वापरात होता. नवलाईचं भय म्हणावं, तर त्यात नवलाई कुठली? राग होता तो त्याच मागावर निकृष्ट माल काढून मजुरी पाडणाऱ्या मालकांवर. 'रोबो' हा शब्दही १९२०च्या कारेल चापेकच्या नाटकातून आला. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे वेठबिगारी. त्या नाटकातले रोबो धातूचे नव्हतेच. ते कारखान्यात घडवलेले बिनपगारी मजूर होते.

राहिलं 'भीती थिएटरातच सोडून या'. चालत्या-बोलत्या धातूच्या सांगाड्याची भीती खुशाल सोडा. पण १९८७चा 'रोबोकॉप' पुन्हा पाहा. त्यातल्या अर्ध्या माणूस, अर्ध्या यंत्र अशा पोलिसाच्या आत त्याला बनवणाऱ्या कंपनीने एक छुपा नियम भरलेला असतो: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हात लावायचा नाही. समोर खुनी अधिकारी उभा, पुरावा हातात, आणि तो पोलीस मात्र हतबल. शेवटी कंपनीचा म्हातारा अध्यक्ष त्या अधिकाऱ्याला भर बैठकीत नोकरीवरून काढून टाकतो. मगच गोळी सुटते.